कोकरू कुणाचं

ओल्या घोंगडीचा वास आला की शहागडजवळचा तो नदीकाठ आठवतो. जुन्या मिनीबसमध्येच संसार थाटून मी तिथल्या पाहुण्यांच्या तंबूंची बिनपगारी देखरेख करत होते. एका पहाटे शेजारच्या रानात उतरलेल्या धनगरणीने जाळीच्या कुंपणातली कोकरं सोडली. मदत म्हणून मी एक उचलून जवळच्या मेंढीपाशी नेलं, तर तिने ढुशी मारून ते लोटून दिलं. "तिचं न्हाई ते. दुसरीचं ती पाजत न्हाई," म्हणत बाईने ते शे-दीडशे मेंढ्यांतून सरळ एकीपाशी सोडलं आणि ते लुचायला लागलं. मग दुसरं, तिसरं. एकदाही चुकली नाही. मला तर बारा तंबूंतली माणसं रजिस्टरशिवाय ओळखता येत नव्हती. त्या दिवसापासून पाहुणा आला की रजिस्टर उघडण्याआधी मी त्याचा चेहरा नीट बघू लागले.