धावेच्या लोखंडाचा पाना

नाथा लोहार कसा होता म्हणून विचारताय ना? सांगतो. पण मधे बोलू नका. यात तोंड माझंच काळं व्हायचं आहे, ते एका दमात होऊन जाऊ दे.

ठाण्यात टेंभी नाक्याच्या अलीकडे चिंचेखाली त्याची भट्टी होती. अठराशे सत्त्याण्णवची गोष्ट. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवावी तर नाथानंच, असं पार घोडबंदरापर्यंतचे गाडीवाले म्हणायचे. बायको तुळसा भाता ओढायची आणि हा ठोकायचा. बोलणं कमी. पण काम चुकीचं वाटलं की "नाय जमायचं" असं तोंडावर सांगायचा, मग समोर मामलेदार का असेना.

मी गुरुदत्त, सरकारी देवी टोचणारा. गावोगाव पोरांच्या दंडावर लस टोचत फिरायचो. लोक मला 'डाक्टर' म्हणायचे आणि मी खुशाल म्हणू द्यायचो. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची जुनी सायकल माझ्याकडे आली, तेव्हापासून तर माझी मान ताठच झाली. पण ती सायकल वळताना कुरकुरायची, हँडल मधेच अडायचं. मी ती नाथाकडे नेली.

त्यानं जन्मात सायकल उघडली नव्हती. आधी खाली तुळसाचं धुतलेलं लुगडं पसरलं, मग चाक धरून हँडल दहादा इकडेतिकडे फिरवलं, कान लावून ऐकलं. म्हणाला, "दुखणं नळीत हाय." आता हँडलाखालची ती नळी उघडायची कशी? तिच्या डोक्यावरचा नट अगदी पातळ, त्याला बसेल असा पाना अख्ख्या ठाण्यात नाही. बिचारा कल्याणच्या इंजिनशेडपर्यंत जाऊन आला. तिथले पाने मनगटाएवढे जाड! शेवटी त्यानं जुन्या धावेचा तुकडा तापवला, ठोकला आणि दोन दिवस कानशीनं घासून घासून आपला पाना स्वतःच केला. नट असा सुटला की वर ओरखडासुद्धा नाही.

आत वर एक वाटी, खाली एक वाटी, आणि दोन्हींत पोलादाच्या बारीक गोळ्या. नाथानं त्या लुगड्यावर मांडून मोजल्या. बावन्नातल्या एकवीस फुटलेल्या. मुंबईच्या दुकानाला मी पत्र टाकलं. उत्तर आलं, पुढच्या बोटीनं माल येईल, महिनाभर थांबा.

महिनाभर! सोमवारी मला बाळकुमाला जायचं होतं. पोरं टोचून घ्यायला खोळंबली आहेत, असं मी नाथाला सांगितलं. साफ थाप. तिथल्या लिओ मास्तरला मी 'सोमवारी सायकलवर येतो बघ' म्हणून ऐट मारून ठेवली होती, एवढंच. चालत गेलो असतो तर काय माझे पाय झिजणार होते?

मग अक्कल मीच चालवली. ओळखीच्या एका शिकाऱ्याकडून शिशाचे छर्रे आणले. मापाला अगदी तंतोतंत.

नाथानं एक छर्रा दाताखाली धरून चावला आणि माझ्यापुढे केला. त्यावर दाताची खूण उमटलेली. "शिसं हाय, डाक्टर. वजन पडलं की चेपनार. हँडल जाम होईल. नाय जमायचं."

"अरे, चार दिवस चाललं तरी पुरे! लोहार आहेस की शास्त्री?"

"पडाल."

"पडलो तर मी पडेन ना? माझ्या जबाबदारीवर बसव."

हे शब्द माझेच. तुळसानं भाता थांबवून ऐकले होते. नाथा छर्रे बसवायला लागला. पोरांचं नाव मी मधे आणलं होतं ना, त्याला तो भुलला.

सोमवारी माजिवड्याच्या उताराला वळण आलं आणि हँडल वळेचना. सायकल सरळ मिठागराच्या चरात. गळ्याखालचं हाड मोडलं, वर तोंडभर चिखल. दोघा गाडीवाल्यांनी मला उचलून गाडीत घातलं. वाटेत त्यांनी विचारलं, "डाक्टर, झालं तरी काय?"

मी म्हणालो, "नाथानं पोलादाच्या गोळ्यांच्या जागी शिसं भरलं."

यातला एक शब्द खोटा होता का? नव्हता. पण 'मी भरायला लावलं' एवढं पुढे म्हणायला माझी जीभ का झडली? नोकरीची भीती होती म्हणा. चिखलात लोळलेला डाक्टर, त्यात मूर्खही ठरायचा, याची लाज होती म्हणा. वरच्या साहेबांनी विचारलं तेव्हाही मी तेच वाक्य सांगितलं. दुसऱ्यांदा ते फार सोपं गेलं.

गाडीवाल्यांनी ते नाक्यावर नेलं. पोलादाच्या जागी शिसं घालणारा आपल्या चाकांना काय घालत असेल? एकेक गाडी खोपटच्या दुसऱ्या लोहाराकडे वळली. नाथानं कुणाशी वाद घातला नाही. तुळसा मात्र एकदा बाजारात समोर आली, माझ्या झोळीत बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि थुंकून पुढे गेली. बरं केलंन्.

महिन्यानं मुंबईहून गोळ्यांची पुडी आली. ती घेऊन नाथाकडे जायचं मला धाडस होईना. कुठून कळलं कोण जाणे, तोच एके दिवशी पाना घेऊन माझ्या ओटीवर हजर. "गोळ्या आल्या म्हनं. काम अर्धं ऱ्हायलंय." बाभळीच्या खुंटीनं त्यानं वाट्या हलकेच ठोकून बसवल्या, चरबी भरली, वर सव्वीस आणि खाली सव्वीस गोळ्या लावल्या. पुढचं चाक उचलून धरलं तर हँडल आपसूक एका बाजूला कललं, कुठेच अडलं नाही. "आता बसा," म्हणाला. माफी माझ्या ओठांवर आली होती, देवाशप्पथ आली होती. तोंडातून निघालं, "बरं झालं हो." निघताना तो पाना ओटीवरच विसरला. आठवड्यानं कळलं की भट्टी बंद करून दोघं कल्याणला गेली.

तीन वर्षं तो पाना माझ्या खिडकीत होता. रोज दिसायचा. शेवटी एका रविवारी तो फडक्यात गुंडाळून कल्याण गाठलं. नाथा इंजिनशेडात घण मारायला लागला होता. दुसऱ्यानं लोखंड धरायचं आणि यानं घाव घालायचे. अख्ख्या घोडबंदर रस्त्याच्या धावा बसवणारा माणूस!

मला बघून हसला. पहिला प्रश्न काय, तर "हँडल कसं हाय?"

"लोण्यासारखं वळतंय रे," म्हणालो आणि तिथेच मला रडू कोसळलं. "नाथा, चूक माझी. मी उद्या नाक्यावर उभा राहतो आणि सगळ्यांना ओरडून सांगतो. तू परत ये."

त्यानं कपाळाचा घाम पुसला. "माझ्या भट्टीवर आता काळुराम बसतोय ना?"

"हो."

"नवा हाय. चार गाड्या येत असतील त्याच्याकडं. तुम्ही सांगितलंत आनि मी आलो, तर त्यानं कुठं जायचं? तेव्हा सांगायचं हुतं, डाक्टर. आता नका."

मी पाना पुढे केला. त्यानं तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. म्हणाला, "तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे. हितं असला नट नाय."

मग मी कुणाला काही सांगितलं नाही. नाथानंच नको म्हटलं ना! परतीच्या वाटेवर मला अगदी हलकं वाटत होतं. नाक्यावर उभं राहायचं टळलं म्हणून मला बरं वाटलं हो. शिसं भरायला लावलं, त्याच्यावर ढकललं, ते सगळं एक वेळ बाजूला ठेवा. पण त्या दिवशी मला बरं वाटलं, याची लाज मला अजून वाटते.