जिभेवरचा साबण

कल्याणच्या खाडीकाठी एक साबणवाला खोबरेल तेलाचा साबण करी. सज्जीखार आणि चुन्याचे पाणी तेलात घालून दिवसभर ढवळी, आणि अधूनमधून काडीवरचा थेंब जिभेला लावी. चावला तर खार अजून मोकळा आहे. चावला नाही तर तेलाने तो पुरता पचवला. मग "झाला" म्हणे. एरवी बोलणे कमीच.

गावात कुजबुज उठली, की तो साबणात चर्बी घालतो. एका दुपारी शास्त्रीबुवा शेजाऱ्यांना घेऊन त्याच्या अंगणात आले. मीही मागे उभा होतो.

"चर्बी असली तर वाळीत पडशील. विहीरही बंद," शास्त्रीबुवा म्हणाले.

"प्रत्येक कढई मी चाखतो, शास्त्रीबुवा. चर्बी तोंडात घालीन का?"

"मग ही चाख."

"ही कच्ची आहे. खार जाळेल. संध्याकाळी चाखतो."

"म्हणजे तोवर कढई बदलायला बरं, काय रे?" एक शेजारी म्हणाला. बाकीचे हसले.

त्याने दारातल्या बायकोकडे पाहिले. पळीभर साबण काढला, निवू दिला आणि सगळा तोंडात घेतला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मंडळी अंगणाबाहेर जाईपर्यंत त्याने तोंड उघडले नाही.

चर्बीची गोष्ट पुन्हा निघाली नाही. शास्त्रीबुवांच्या घरीही तोच साबण जाऊ लागला.

पुढेही तो सवयीने काडी जिभेला लावी. जिभेला आता काही कळत नसे. मग तीच काडी तो बायकोपुढे धरी आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहत राही.

"झाला," ती म्हणे.