टिपेचं दुसरं वाक्य

माझी आई तळोज्याच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायची. आमच्या दिवाळे गावातल्या सात-आठ बायकांना न्यायला सकाळी टेम्पो यायचा आणि दिवसभर त्यांचे हात बर्फाच्या पाण्यात असायचे. बोटांची कातडी पांढरी पडून सुटायची. घरी आल्यावर कालवणात मीठ टाकायचं असलं तरी ती मला हाक मारायची, कारण मीठ झोंबायचं. बाबांची होडी होती, पण खाडीत मासळी वर्षागणिक कमी होत गेली आणि शेवटी ती होडी किनाऱ्यावरच पडून राहिली. त्या घरातून मी बी.कॉम. झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी अजूनही कोणी न विचारता सांगते, आणि त्यात मला काही चुकीचं वाटत नाही. चूक दुसरीकडे झाली. ती सांगायला हा लेख लिहिते आहे.

पाच आठवड्यांपूर्वी, मला ऑफिसचं काम शिकवणारे सोनकांबळे सर गेले. मी ऑफिसात होते. सरांच्या मुलाचा फोन आला, "पप्पा गेले... तुमाला सांगायला सांगितलेलं त्यांनी." एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. माझ्यासमोर कागद पसरलेले होते. मी ते आवरले, पुन्हा पसरले.

जासईला, कंटेनर यार्डांच्या रांगेत, आमचं ऑफिस आहे. बंदरात उतरणाऱ्या मालाचे कस्टमचे कागद आम्ही करतो. प्रत्येक वस्तूला टॅरिफच्या पुस्तकात एक नंबर असतो, त्या नंबरावर शुल्क ठरतं आणि बाकीचे परवाने ठरतात. तो नंबर ठरवायचं काम सरांचं. नांदेडकडचे होते, कामोठ्याला राहायचे, तीस वर्षं हेच केलेलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसले तर म्हणाले, "कोळीबाई, पुरणपोळी कशात धरायची? डाळीत का चपातीत?" मी म्हटलं, पुरण जास्त असतं, डाळीत. ते हसले. "म्हंजे तू करंजीला खोबरं म्हणणार. बाई, माल काय आहे ते आधी सांगायचं. पोटात काय आहे ते मग."

त्यांची वाचायची एक रीत होती. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात टिपा असतात. सर टीप मोठ्याने वाचायचे, ओळीखाली बोट फिरवत, पार शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. शंभरदा वाचलेली टीपसुद्धा. ऑफिसातली पोरं त्यांची टिंगल करायची, सरांचा पाठ चाललाय, आता आरती होणार म्हणायची. मीही हसायचे. मला वाटायचं, मी कॉलेजात शिकलेली, मला नजर टाकली तरी कळतं.

मग तो राविओलीचा कंटेनर आला. राविओली म्हणजे पिठाच्या दोन पापुद्र्यांमध्ये सारण भरून कडा दाबलेला चौकोनी पास्ता. हा गोठवलेला होता आणि आत कोळंबी. नमुन्याचं एक पाकीट ऑफिसात आलं. मी ते घरी नेलं आणि आईसमोर फोडलं. एकेक चौकोन उकलून सारण खरवडलं, त्यातली कोळंबी वेगळी काढली आणि वजन केलं. आई बघत होती. "काय गो, ह्यो काय धंदा? सोललेली कोलंबी परत सोलतेस," म्हणाली. मग कौतुकानेच म्हणाली, "पन साहेब लोकांनी बरोबर मानूस धरलाय. माज्या पोरीला कोलंबी शिकवनार कोन?" मला ते खरंच वाटलं.

कोळंबी एकूण वजनाच्या वीस टक्क्यांहून चांगलीच जास्त भरली. सोळाव्या प्रकरणाच्या टिपेत लिहिलंय की मांस, मासे, कोळंबी असलं काही वीस टक्क्यांहून जास्त असेल तर तो पदार्थ सोळाव्या प्रकरणात. मी तिथेच पुस्तक मिटलं. सोळाव्या प्रकरणाखाली कागद तयार केले.

त्या दिवशी सरांचं डायलिसिस होतं. आठवड्यातून दोनदा ते दुपारी निघायचे. बॅग खांद्याला लावून उभे होते, मी कागद पुढे केले. त्यांनी नंबर बघितला आणि थांबले. "सोळा? भरलेला पास्ता ना हा?" मी वजनाचं सांगितलं, घरी काय काय केलं तेही सांगितलं. ते म्हणाले, "कोळंबीचं तुला जास्त कळतंय. पण टीप पूर्ण वाचलीस?"

मी हो म्हटलं.

सरांनी सही केली आणि रिक्षाकडे गेले.

त्या टिपेचं दुसरं वाक्य असं आहे की हा वीस टक्क्यांचा नियम भरलेल्या पास्त्याला लागू नाही. आत कोळंबी किती का असेना, कच्चा असो की शिजवलेला, भरलेला पास्ता हा एकोणिसाव्या प्रकरणातच राहतो. मागवणाऱ्याचे बाकीचे सगळे परवाने पास्त्याचे आणि आमचा अर्ज कोळंबीच्या पदार्थाचा. कस्टमने माल अडवला. अर्ज दुरुस्त करायला, प्रश्नांना उत्तरं द्यायला आठवडे गेले. गोठवलेल्या मालाची मुदत तोवर इतकी थोडी उरली की दुकानं तो घेईनात. शेवटी नष्ट करायचा ठरला.

मालकांनी सरांना सगळ्यांसमोर विचारलं, हे कसं झालं? मी चार हातांवर उभी होते. सर माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "सही माझी आहे. टीप मी वाचायला पाहिजे होती." मालक म्हणाले, "सोनकांबळे, तुमचं आता वय झालं." सरांच्या फाइलवर ठपक्याचा शेरा गेला आणि त्यांची सही बंद झाली, म्हणजे कागदांवर सही करायचा अधिकार गेला. मी तोंड उघडलं नाही. माझी नोकरी तेव्हा नवी होती, आईने नुकतंच शेडला जाणं सोडलं होतं... ही कारणं खरी आहेत. पण खरी असली तरी ती त्या क्षणाला पुरी पडत नाहीत.

माल नष्ट होताना ऑफिसचं माणूस लागतं. त्या कामाला सरांना पाठवलं, त्यांनी मला बरोबर नेलं. खोके फोडून माल खड्ड्यात ओतत होते. उन्हात तो वितळला आणि कोळंबीचा वास सुटला, तोच वास जो आईच्या कपड्यांना वर्षानुवर्षं यायचा. कुठल्या तरी बायकांनी ही सोललेली असणार. सर नाकाला रुमाल लावून उभे होते. मी म्हटलं, "सर, मी..." ते म्हणाले, "बघ तिकडं. बघून ठेव." मी खड्ड्याकडे बघत राहिले.

त्यानंतर सर कागद लावायचे, टाचायचे, आणि उरलेल्या वेळात माझी कस्टमच्या परीक्षेची तयारी घ्यायचे. टीप मोठ्याने वाचायला लावायचे. मी थांबले की म्हणायचे, "संपलं का वाक्य? पुढं वाच." कधी टोमणा नाही, कधी तो विषय नाही. मी पास झाले, मलाही सहीचा अधिकार मिळाला, तेव्हा त्यांना चालवत नव्हतं. हॉस्पिटलात पेढा घेऊन गेले. पेढा त्यांना चालत नव्हता, तो त्यांनी हातात धरून ठेवला. तेव्हाही मी बोलले नाही.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी कामोठ्याला गेले. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "आजाराचं त्यांना काई नव्हतं बघ. 'तीस वर्षांत एक टीप राहिली माझी,' तेच म्हणायचे. झोपेतबी." तेव्हा मी सांगितलं. सरांनी मला विचारलं होतं, आणि मी खोटं हो म्हटलं होतं. वहिनी भिंतीपासून सरकून ताठ बसल्या. मग म्हणाल्या, "हे ते जिवंत असताना का नाही बोललीस?"

त्यांनी चहा विचारला नाही, मीही थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना लेखी दिलं. घडलं तसं, तारखेसह, माझ्या सहीने. ते म्हणाले, "आता माणूस गेला. कशाला उकरतेस?" मी म्हटलं, शेरा अजून आहे. चार दिवस त्यांनी कागद तसाच ठेवला. मग बोलावलं.

सरांच्या फाइलवरचा शेरा रद्द झाला आहे. तो आता माझ्या नावावर आहे आणि माझी सही वर्षभरासाठी बंद आहे. रद्द केल्याच्या पत्राची प्रत मी वहिनींच्या हातात नेऊन दिली. त्यांनी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि ठेवून घेतली.