ट्राउट, नाकतोडा आणि दिवाळीचं तिकीट

अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून, लेकीच्या गावाहून, शनिवारी सकाळी निघालो तेव्हा गाडीत मी, माझी मुलगी वैशाली आणि आमच्या दोघांतली पैज, एवढेच होतो. जावई गिरीशराव घरीच राहिले. दारात उभे राहून म्हणाले, "बेस्ट लक!" शुभेच्छा सासऱ्याला दिल्या की बायकोला, ते काही कळलं नाही.

पैज अशी होती. मला दिवाळीला गावी परतायचं होतं. वैशाली म्हणत होती, आई गेल्यापासून तुम्ही एकटे आहात, हिवाळा इथंच काढा, होळीला जा. आठ दिवस आमची जुंपली होती. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या त्या ट्राउट माशाचं फार कौतुक ऐकतोय. एक धरून दाखवतो. धरला तर दिवाळीचं तिकीट काढायचं. नाही धरला तर होळीपर्यंत तू म्हणशील तसं."

ती लगेच म्हणाली, "डन, आप्पा."

इतक्या लवकर कबूल झाली तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता.

माझी शाळा चौथीला सुटली. पण गोदावरीच्या पाण्यात साठ वर्षं काढली आहेत. मरळ कुठल्या शेवाळाखाली बसते, वाम कुठल्या कपारीत शिरते, हे मी काठावरून सांगतो. मला मासे धरायला शिकवील असा माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही. बढाई म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहितो.

दोन तास गाडी चालली. आधी नुसता मका. डावीकडे मका, उजवीकडे मका, माणूस कुठंच नाही. एवढं पीक काढतं कोण, असा प्रश्न पडला. मग एकाएकी जमीन खाली उतरली. टेकड्या, पांढऱ्या दगडाचे कडे, पिवळी पडू लागलेली झाडं. रस्त्यावर समोर घोडागाडी दिसली. काळी टोपी घातलेला दाढीवाला माणूस हाकत होता. वैशालीनं सांगितलं, हे लोक आपल्या धर्माच्या रितीनं वीज आणि मोटार वापरत नाहीत. आमच्या वस्तीत वीज यावी म्हणून मी स्वतः किती अर्जांवर इतरांच्या अंगठ्यांशेजारी सही केली आहे! आणि इथं वीज दारात असून ती नको म्हणणारे लोक. मी त्याला हात केला. त्यानंही केला.

एका छोट्या गावात खायला थांबलो. हॉटेलच्या भिंतीवर केवढा तरी ट्राउट रंगवला होता. मी वैशालीला म्हणालो, "मासाच मागव, चव तर कळू दे." पिठात बुडवून तळलेला पांढरा मासा आला. दोन घास खाऊन मी म्हणालो, "हा गोड्या पाण्याचा नाही."

वाढणाऱ्या बाईला वैशालीनं विचारलं. ती हसून काहीतरी बोलली.

"समुद्राचा आहे," वैशाली म्हणाली. "फ्रोझन येतो."

"मग भिंतीवर तो कशाला काढलाय?"

"आप्पा, खा ना आता."

गावाच्या अंगाला ओढा वाहतोय, त्यात मासे आहेत, आणि ताटात हजार मैलांवरचा समुद्र. मी तिखट मागितलं. टोमॅटोचा गोड सॉस आला.

ओढा एका गाईंच्या कुरणातून वाहत होता. रुंदी म्हणाल तर आमच्या पाटाएवढी. पण पाणी! तळाचा खडा न् खडा मोजून घ्यावा असं. चपला काढून पाय घातला आणि लगेच वर घेतला. जमिनीतून झरे फुटतात म्हणून उन्हाळ्यातही असंच गार असतं, ट्राउटला गारच पाणी लागतं, असं वैशाली म्हणाली. तिनं डिकीतून छातीपर्यंत येणारी रबरी विजार काढून चढवली. मी धोतराचा काचा मारला.

मग मी माझा डबा उघडला. पहाटे उठून कणीक मळली होती. हिंग, लसूण, थोडं गूळपाणी. या गोळ्यावर गोदावरीतला कटला आपण होऊन येतो.

"हे चालत नाही," वैशाली म्हणाली.

"माशाला?"

"नियमाला. या भागात खरं खाणं गळाला लावायचं नाही. फक्त खोटं." तिनं खिशातून एक डबी काढली. आत पिसं, दोरे, केस गुंडाळलेले बारीक बारीक गळ. माशा, डास, अळ्या, सगळ्यांची सोंगं. "आणि या दिवसांत धरलेला मासा परत सोडायचा."

मी खाली बसलो. परवाना काढला होता, त्यावर ट्राउटचा वेगळा शिक्का घेतला होता, त्यासाठी पासपोर्ट दाखवला होता. एवढं करून माशाला खोटं खाऊ घालायचं आणि लागला की सोडून द्यायचा? "मग धरायचा कशाला?"

वैशालीनं डबी माझ्या हातात दिली. "धरायचा म्हणून धरायचा," म्हणाली.

मला काही कळलं नाही. पण पैज लावली होती.

तिनं मला ट्राउटची रीत सांगितली. तो प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. वेगाच्या पाण्यात नाही, दमायला होतं. वेगाच्या पाण्याला लागून जे संथ पाणी असतं तिथं. समोरून वाहत येईल ते खातो. मी म्हणालो, "म्हणजे पंगतीत वाढप्याच्या वाटेवर बसलेला पाहुणा." ती म्हणाली, "एक्झॅक्टली!" एवढं मला पटलं. पुढचं पटेना. तो समोरचं आणि वरचं पाहतो, म्हणून मागून जायचं, सावली पाडायची नाही, पांढरं घालायचं नाही.

"सदरा बदला, आप्पा. माझं हिरवं जॅकेट घ्या. आणि टोपी काढा."

"टोपी काढायला काय झालं? मी सुतकात आहे?"

टोपी घालूनच मी काठावर गेलो. पाण्यात चार काळ्या रेघा होत्या, त्या सुतळी ओढावी तशा सरकन नाहीशा झाल्या. पुढच्या वळणावरही तेच. दोरी मागं फेकून मग पुढं टाकायची, तर माझा गळ एकदा गवतात, एकदा माझ्याच धोतरात. वैशाली सोडवायला आली.

"मनगट सैल सोडा. असं."

"मला शिकवतेस?"

"हो, शिकवतेय! कोणीतरी शिकवायला नको?" ती धोतरातला गळ काढता काढता बोलली, मान वर न करता. "मी नऊ वर्षांची होते. तुमची काठी घेऊन घाटावर बसले होते. तुम्ही ती गुडघ्यावर मोडलीत. पोरीच्या जातीनं गळ धरायचा नाही म्हणालात. आठवतं?"

"नाही," मी म्हणालो.

आठवत होतं. बांबूची काठी होती, चांगली वाकायची. पण तेव्हा आमच्यात तशीच रीत होती. बायका बाजारात मासे विकायच्या, पुरुष धरायचे. मी रीत पाळली. त्यात माझं काय चुकलं, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. या ओढ्यावर मात्र तिच्या तोंडाकडे बघायला मला जड जाऊ लागलं.

ती वरच्या अंगाला निघून गेली. वारा सुटला आणि माझी टोपी उडून पाण्यात पडली. होडीसारखी ऐटीत निघाली. खालच्या वळणावर एक गोरा म्हातारा कंबरभर पाण्यात उभा होता. त्यानं हातातल्या छोट्या जाळीनं ती अलगद उचलली, पाणी निथळू दिलं आणि मला आणून दिली. छातीवर बोट ठेवून म्हणाला, "डेल." मी म्हणालो, "आप्पा." त्यानं टोपी दोन्ही हातांनी मोजली, "बिग वन!" म्हणाला आणि खो खो हसला. मीही हसलो. मग त्यानं गवताकडे बोट दाखवलं, उडी मारून दाखवली, "हॉपर, हॉपर" म्हणाला आणि गेला. हा माणूस मला उडी का मारायला सांगतोय ते समजेना.

ओली टोपी कुंपणाच्या तारेवर वाळत घातली आणि उघड्या डोक्यानं गवतात बसलो. फुगून बसलो म्हणा. पण डोळे पाण्यावरच, ती सवय जात नाही.

वाऱ्याचा झोत आला. माझ्या पायाजवळून एक नाकतोडा उडाला, वाऱ्यानं कलंडला आणि काठालगत पाण्यात पडला. तंगड्या झाडू लागला. हातभर गेला असेल नसेल, गवताच्या सावलीतून एक तोंड वर आलं. गपकन. पाण्यावर फक्त एक वर्तुळ.

पुन्हा वारा, पुन्हा नाकतोडा, पुन्हा गपकन. त्याच जागी.

मी सकाळपासून मधल्या धारेकडे बघत होतो. आणि जेवण काठावर, माझ्या पायाखाली वाढलं जात होतं. डेलच्या उडीचा अर्थ आत्ता लागला. हॉपर म्हणजे नाकतोडा.

वैशालीची डबी माझ्याजवळच होती. तिच्यात पिवळ्या स्पंजाचा, केसांच्या तंगड्यांचा एक नाकतोडा होता. तो बांधला. फेकाफेक केली नाही. पोटावर सरपटत मागच्या अंगानं गेलो, आणि गवताच्या वरून काठी पुढं करून तो सोंगाड्या पाण्यावर नुसता टेकवला, जसा मी घाटाखाली मरळीसाठी बेडूक टेकवतो तसा. जरा थरथरवला.

गपकन!

काठी हातात जिवंत झाली. दोरी तारेसारखी वाजली. दोनदा तो मुळांत शिरला, दोनदा मी काढला. शेवटी हात ओला करून (कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, असं वैशालीनं बजावलं होतं) त्याला पाण्यातच धरला. पोट हळदीचं, पाठ तांब्याची, अंगावर काळे ठिपके आणि मधे मधे लाल, कोणी कुंकवाची बोटं लावल्यासारखे.

एक हाक मारायची होती. एक हाक, की दिवाळीचं तिकीट माझं. तोंड उघडलं आणि वर पाहिलं.

वैशाली वरच्या वळणावर मांडीभर पाण्यात उभी होती. मी बघतोय हे तिला माहीत नव्हतं. काठी मागं जायची, क्षणभर थांबायची, पुढं यायची. दोरी हवेत लांबच्या लांब उलगडायची आणि पाण्यावर आवाज न करता पडायची. सारखं तेच, न कंटाळता. साठ वर्षांत माझा हात असा चालला नाही. मी माझ्या मुलीला मासे धरताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. किती वेळ पाहत होतो ते सांगता येणार नाही. हाक मारली असती तर तिनं काठी खाली ठेवली असती.

हातातला मासा वळवळला. मी गळ काढला, मूठ सैल केली. तो लगेच गेला नाही. बोटांमध्ये श्वास घेत थांबला, मग गेला.

ऊन उतरल्यावर वैशाली खाली आली. "लागला का काही?"

"नाही."

तिनं माझ्या कोपरापर्यंत भिजलेल्या बाहीकडे पाहिलं. बघून काय समजली ते देव जाणे.

"मग होळी?" तिनं विचारलं.

"होळी," मी म्हणालो. "पण थंडीत मला घरात बसवून ठेवायचं नाही. ती दोरी फेकायची कशी, ते शिकायचंय."

तिनं माझी टोपी तारेवरून काढली, झटकली आणि स्वतःच्याच डोक्यावर घातली. गाडी सुरू करेपर्यंत तशीच.

होळीला मी गावी परतलो. घाटावर मंडळी जमली आणि पहिला प्रश्न, "अमेरिकेत मासा धरला का?" म्हणालो, "एक धरला." केवढा? आता आयुष्यभर मी हात जरा लांबच ताणून दाखवले आहेत, कोण नाही दाखवत. पण या वेळी हात पुढं केले आणि केवढा दाखवावा ते कळेना. खाल्ला का, विचारलं. सोडून दिला म्हणालो. एकच हशा पिकला. म्हातारा अमेरिकेला जाऊन थापा शिकून आला म्हणाले. वैशाली साक्षीला होती का, असंही कोणी विचारलं.

तिला तर मी सांगितलेलंच नाही. मी हाक का मारली नाही, हे मलाच नीट सांगता येत नाही, तर तिला काय सांगणार? धरलेला मासा लपवणारा कोळी मी दुसरा पाहिलेला नाही. हा लेख आमच्या गावच्या वाचनालयाच्या अंकात छापून आला की गिरीशराव तो तिला वाचून दाखवतील, आणि मग तिचा फोन येईल. आधी ती भांडेल, ते नक्की.

येऊ दे फोन.