संत्र्याची तिमजली

माझ्या नणंदेला डोहाळे लागले ते संत्र्याच्या केकचे, आणि तेही नेमके आत्याबाईंच्या उजव्या हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या असताना. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. धानाच्या खळ्यावरून घरी येताना बांधावर पाय घसरला आणि त्या मनगटावर पडल्या होत्या. नणंद गोंदियात दिलेली, कापडाचं दुकान असलेल्या घरी. तिचं पहिलंच लेकरू येणार होतं.

मामाजी, माझे सासरे, सौंदडच्या स्टेशनावर पोती चढवायला गेले होते. तिथं गोंदियाच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना निरोप दिला. मामाजींनी तो अंगणातूनच ओरडून सांगितला.

"ऐकलं काय वो? परवा पोरीचं डोहाळजेवण हाय. तिले तुह्या हातची तिमजली भाकर पाहिजे म्हणते!"

केकला मामाजी तिमजली भाकर म्हणत, कारण त्याचे तीन थर असत आणि मधे संत्र्याचा आटवलेला गोड रस. आत्याबाईंचे वडील नागपूरला मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या मेमसाहेबांनी आत्याबाईंच्या आईला हा केक शिकवला. आईनं त्यातलं अंडं काढून टाकलं, त्याजागी आंबट दही घातलं, आणि केक आपल्या चुलीवर आणला. आईकडून तो आत्याबाईंकडे आला. पुढे कोणाला त्यांनी दिला नव्हता.

आत्याबाईंनी आपल्या बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग थोरल्या जाऊबाईंकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"मोठी जाळ पाहील," त्या म्हणाल्या. "लहानी हात चालवंल. मी बसून सांगीन."

लहानी म्हणजे मी. लग्न होऊन माझी पहिलीच दिवाळी झाली होती. केक हा शब्द मी त्याच घरात पहिल्यांदा ऐकला होता, आणि केक काही अजून पाहिलाही नव्हता. पण मी लगेच पदर खोचला. आत्याबाईंच्या हातचं काम माझ्या हाती येत होतं!

दुसऱ्या दिवशी मामाजींनी बैलबंडी जुंपली आणि साकोलीच्या बाजारातून संत्र्यांची टोपली आणली. घर वासानं भरून गेलं. जाऊबाईंनी पितळी गंजात, म्हणजे मोठ्या उभ्या पातेल्यात, तळाला नदीची रेती पसरली, त्यावर तीन खापऱ्या मांडल्या आणि गंज चुलीवर तापत ठेवला. मी कणीक पातळ धोतराच्या फडक्यातून दोनदा चाळली. आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, दुखरा हात मांडीवर घेऊन.

"किती घेऊ?"

"चार ओंजळी."

मी चार ओंजळी घेतल्या. आत्याबाई परातीत वाकून बघत राहिल्या.

"हे कायचे चार? तुही ओंजळ हाय का चिमणीचं घरटं? अजून एक घाल."

मी पाचवी घातली.

"आता जास्त झाली. थोडी काढ."

जाऊबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या. तूप आणि साखर तळहातानं फेसायची होती, पांढरी होईपर्यंत. थंडीनं तूप दगडासारखं झालेलं. मी फेसते आहे, फेसते आहे, खांदा भरून आला, आणि आत्याबाई म्हणतात, "काऊन थांबली? चालू दे ना हात!" मग हळूहळू तळहाताखाली ते मऊ पडत गेलं, फुगत गेलं, मोगऱ्यासारखं पांढरं झालं. मी ओरडलेच, "आत्याबाई, झालं, झालं!" त्यांनी डाव्या हाताचं बोट बुडवून चाटलं आणि मान हलवली.

त्यात दही गेलं, कणीक गेली, संत्र्याची किसलेली साल गेली. रस आणि खाण्याचा सोडा अगदी शेवटी. सोडा पडताच सारं फसफसायला लागलं. आत्याबाई पाटावरून अर्ध्या उठल्या. "पळ आता! बसून गेलं तर भाकरच होईल खरोखरची!" मी तूप लावलेल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, ताटात पीठ ओतलं, जाऊबाईंनी सांडशीनं ते गंजात खापऱ्यांवर ठेवलं, वर झाकण आणि झाकणावर निखारे.

आणि मग वाट पाहणं. आम्ही तिघी गंजाभोवती बसलो, जणू आत कोणी जन्माला येत होतं. जरा वेळानं वास सुटला. तुपाचा, सालीचा, आणखी कशाचा तरी, जो मला ओळखता येईना. जाऊबाईंनी झाकण उचललं. पीठ ताटाच्या काठावर आलं होतं! वर सोनेरी, मधे किंचित फुटलेलं. मी गवताची काडी खुपसून काढली, काडी कोरडी आली. मी टाळ्या वाजवल्या. सासूसमोर सुनेनं टाळ्या वाजवायच्या नसतात हे माझ्या नंतर ध्यानात आलं, पण आत्याबाई स्वतःच हसत होत्या.

दर थराला पीठ नव्यानं फेसायचं होतं. दुसरा थर पहिल्याहून देखणा झाला. तिसरा काढताना ताटाला चिकटला आणि त्याचे दोन तुकडे झाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"रडतेस कायले?" जाऊबाई म्हणाल्या. "मोडका मधात घालू. पोटात काय हाय ते कोणाले दिसते?"

संत्र्याचा रस साखर घालून आटवला आणि तिखूर लावून घट्ट केला. तिखूर म्हणजे आमच्याकडच्या जंगलातल्या कंदाचं पांढरं पीठ. ते पडताच रस चकाकायला लागला. तो कडीच्या डब्यात भरला. थर पळसाच्या पानांत गुंडाळून टोपलीत ठेवले. ते गोंदियाला पोचल्यावरच रचायचे असं ठरलं, कारण रस आधी लावला तर थर भिजून खाली बसतात.

सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी निघालो. ती आमची छोटी गाडी, अरुंद रुळांवरची, कधी वेळेवर यायची तर कधी तिच्या मनावर. त्या दिवशी ती आली उशिरा, आणि निघाल्यावरही दर स्टेशनावर बसकण मारत होती. ऊन वर चढू लागलं. डोहाळजेवण तर मध्यान्हीच्या आत.

"घरी जाऊन रचायले वेळच नाही भेटणार," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी डबाभर नजर फिरवली. बायकांचा डबा खचाखच भरलेला. "लहाने, काढ टोपली. इथंच रच."

"इथं? गाडीत?"

"मग काय रुळावर?"

जाऊबाईंनी मांडीवर ताट धरलं. मी पहिला थर ठेवला, त्यावर रस ओतला आणि उलथण्यानं पसरू लागले. गाडीनं असा हिसका दिला की थर ताटाच्या काठापर्यंत सरकला. समोर बसलेली छत्तीसगडची एक मजूर बाई चटकन पुढे झाली आणि तिनं दोन्ही हातांनी ताट खालून धरलं. "मैं धरथंव दाई, तैं कर," ती म्हणाली. शेजारची एक शेठाणी नाकाला पदर लावून बसली होती, तीसुद्धा वाकली. "अरे, धीरे धीरे! उधर से गिर रहा है!" मोडक्या थराचे दोन तुकडे मी मधे जुळवले, वर पुन्हा रस, आणि शेवटी तो देखणा थर. बसला! सगळ्या डब्यानं एकदम श्वास सोडला. कोणी विचारलं हे काय आहे, तर आत्याबाईंनी ताठ बसून सांगितलं, "केक. माह्या लेकीसाठी." मग गोंदिया येईपर्यंत तिघी-चौघींचे हात त्या ताटाखाली होते.

स्टेशनाबाहेर टांगा केला. नणंदेच्या घरी पोचलो तेव्हा ती हिरव्या साडीत, फुलांनी मढून पाटावर बसली होती आणि बायका ओटी भरत होत्या. तिच्या सासूबाई आमच्याकडे आल्या, ताटाकडे पाहून थबकल्या.

"विहीणबाई, माफ करा, पण यात अंडं असतं म्हणतात. हमारे घर में चलत नाही."

"दही हाय, विहीणबाई," आत्याबाई म्हणाल्या. "माह्या मायनं अंडं कधीच काढून टाकलं. आणि या बारीले माह्या लहान्या सुनेनं केला. तिलेच विचारा."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी डोक्यावरचा पदर सावरला आणि तुपापासून सोड्यापर्यंत सारं घडाघडा सांगून टाकलं. इतकं मी सासरी आल्यापासून कोणाशी कधी बोलले नव्हते. विहीणबाई ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं, काप."

मी पहिली फोड नणंदेच्या हातावर ठेवली. तिनं डोळे मिटून वास घेतला. एक घास खाल्ला. आम्ही तिघी तिच्याकडे वाकून उभ्या. तिनं दुसरा घास घेतला नाही. बोटानं फोडीच्या मधला रस खरवडला आणि चाटला. पुन्हा खरवडला. मग केकची फोड माझ्याकडे परत केली.

"वहिनी, हे आतलं अजून हाय का?"

कडीच्या डब्यात बराच रस उरला होता. मी डबा पुढे केला. तिनं तो मांडीवर घेतला आणि साऱ्या बायकांच्या देखत बोटानं चाटून चाटून तळापर्यंत साफ केला. हिरवी साडी, फुलांची वाडी, हनुवटीवर संत्र्याचा ओघळ! आत्याबाई एवढ्या हसल्या की त्यांचा हात दुखायला लागला. एवढी कणीक, एवढे निखारे, गाडीतली ती कसरत, आणि लेकीला पाहिजे होता तो निव्वळ रस.

"मग तसंच सांगायचं होतं ना माय! डबा पाठवून दिला असता!"

"मले कुठी माहीत होतं," नणंद बोट चाटत म्हणाली.

केक मात्र वाया गेला नाही. विहीणबाईंनी "चव तर पाहू" म्हणत एक फोड घेतली, मग लेकरांना वाटतावाटता आणखी एक. बघता बघता ताट रिकामं झालं. निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, दही किती आंबट लागतं म्हणून.

परतीच्या गाडीत जाऊबाई एकदम म्हणाल्या, "लहाने, तू खाल्ला का वो?"

मी आठवून पाहिलं. मी नव्हता खाल्ला. त्यांनीही नव्हता. घरी आलो तर मामाजी ओट्यावर वाट पाहत बसलेले. "माह्यासाठी काही आणलं का नाही?"

टोपलीत थोडी संत्री उरली होती. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी विचारायच्या आत मी तूप फेसायला घेतलं, आणि ओंजळी मोजताना कोणी मला टोकलं नाही. एकच थर केला. रस आटवायचाही धीर धरला नाही. गंजातून काढलेला गरम गरम थर जाऊबाईंनी आणि मी चुलीपाशीच हातानं तोडला. बोटं भाजत होती, आतून वाफ निघत होती. तो बाहेरून कुरकुरीत, आत कापसासारखा, आणि घास गिळल्यावर जिभेवर सालीचा किंचित कडवटपणा. मामाजी ओट्यावरून हाका मारत होते, आणि आम्ही दोघी तोंडात घास धरून, "आणतो, आणतो" म्हणत आणखी एकेक तुकडा तोडत होतो.