चुलीपाशची खिडकी

माझ्या आताच्या घरात स्वयंपाकाला ओटा आहे, नळ आहे, ओट्यासमोर खिडकीही आहे. ती उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे आणि आता आम्ही सगळ्या उभ्यानंच रांधतो, तेव्हा तक्रारीला जागा नाही. तरी भाजी निवडायला मी अजून पाट घेऊन खाली बसते आणि बसलं की समोर नुसती भिंत दिसते. अशा वेळी मला चिंचवडचं ते घर हटकून आठवतं. ते आम्हाला मिळालं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते अजूनही हवं आहे.

कारखाने नुकते येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात ह्यांना नोकरी लागली आणि मी राजापूरकडची मुलगी लग्न होऊन थेट कासारवाडीच्या एका खोलीत येऊन पडले. खोली भाड्याची. मालकीणबाई मनाने वाईट नव्हत्या, पण त्यांच्या भिंती त्यांना पोटच्या पोरांहून लाडक्या होत्या. खिळा ठोकायचा नाही, खलबत्ता जमिनीवर आपटायचा नाही, दार लोटताना आवाज करायचा नाही. आमचं कॅलेंडर पिठाच्या डब्याला टेकून उभं असे. पीठ काढताना त्यावरचे देव उचलून बाजूला ठेवायचे आणि नंतर पुन्हा मांडायचे, असा माझा नेम होता.

मला दिवस गेले तेव्हा मी त्यांना विचारलं, पाळण्यासाठी तुळईला एक कडी बसवून घेऊ का. त्या म्हणाल्या, "अगं, तुमचं मूल मोठं होईल, तुम्ही जाल निघून. भोक राहील आमच्या तुळईला." बोलणं खोटं नव्हतं. पण मला ते असं लागलं की त्या संध्याकाळी मी ह्यांना सांगून टाकलं, बाळ पाळण्यात पडेल ते आपल्या घरात, नाहीतर मी माहेरून परत येणार नाही. ह्यांचा स्वभाव असा, की आमटीत मीठ नसलं तरी जेवण झाल्यावर सांगतील. ते नुसते "बघू" म्हणाले. पण पुढच्या सुट्टीपासून आम्ही खरंच घरं बघायला लागलो.

घर बघणं म्हणजे काय असतं ते मला तोवर ठाऊक नव्हतं. कोकणात घर बघायचं नसतं, ते असतंच. इथे मात्र सुट्टी आली की मी ठेवणीतलं लुगडं नेसून निघायची. भोसरीला एक घर पाहिलं, ते बरं होतं पण पाणी इतकं लांब, की मालकानेच आम्हाला प्यायला पाणी विचारलं नाही. आकुर्डीच्या माळावर एकाने नुसती जागा दाखवली. मुरमात काठीने रेघा ओढत तो म्हणाला, "हे माजघर, ही मोरी, हितं तुमचं देव." मी माजघरातून देवघरात जाताना नकळत पाय उचलून टाकला, उंबरठा असल्यासारखा. हे हसले. मला मात्र येताना वाटेत रडू आलं, कारण परत त्या खोलीत जायचं होतं.

मग ह्यांच्या पाळीवरच्या एका गाववाल्याने चिंचवडचं घर सुचवलं. गावातल्याच एका शेतकरी बाईचं होतं. नवरा गेलेला, जमीन कारखान्यांच्या हद्दीत गेलेली, आणि चाकणकडे दिलेली एकुलती एक लेक तिला आपल्याकडे बोलवत होती. ह्यांनी लगेच आपल्या पुण्याच्या मामांना निरोप धाडला. मामा रविवार पेठेत भांड्यांच्या दुकानात होते आणि भाव करण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. आमच्या लग्नातला हारसुद्धा त्यांनी दोन शेवंत्या जास्त घालायला लावून आणला होता.

जाताना वाटेत त्यांनी मला तंबी दिली. "सूनबाई, वस्तू आवडली की तोंड शिवून बसायचं. गरजवंताला अक्कल नसते, हे समोरच्याला पक्कं ठाऊक असतं. आपण नावं ठेवायची, त्याने भाव उतरवायचा. घर घेण्याची रीतच आहे ही." रीत मलाही माहीत होती. माझी आईसुद्धा मासे घेताना, जणू कोळणीवर उपकार म्हणून घेतेय, असा चेहरा करायची.

घर लहानसंच, पण ठाकठीक होतं. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे चुलीची खोली आणि मागचं दार उघडलं की उतारावरून खाली पवना. माजघराच्या तुळईला एक जुनी, घासून गुळगुळीत झालेली कडी होती. मी ती पाहिली आणि हळूच ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांनीही वर पाहिलं होतं. मग मी चुलीपाशी गेले. तिथली खिडकी फारच खाली होती, माझ्या मांडीच्या जरा वर. मला आधी काही उमगेना. कंबर भरून आली होती म्हणून मी चुलीसमोर पाटावर टेकले आणि मान वळवली, तर खिडकी बरोबर माझ्या डोळ्यांसमोर! नदी दिसत होती, नदीकडून येणारी वाट दिसत होती, पलीकडच्या काठावर कुणी बाई कपडे आपटत होती आणि आवाज क्षणभर उशिरा ऐकू येत होता. भाकरी थापताना हात न थांबवता कोण येतंय, कोण जातंय, सगळं दिसलं असतं. माझं आयुष्य इथे जाणार आहे, असं मला त्या पाटावर अगदी स्पष्ट वाटलं.

तोंड शिवलेलंच होतं. मी उठले आणि पदर सारखा केला.

घरमालकीण पन्नाशीची असेल. उंच, करारी, कपाळ मोकळं. तिने आम्हाला आधी गूळपाणी दिलं, मग चहा दिला. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण प्रत्यक्षात ते मोजताना मी मामांनाच पाहिलं. चहाची बशी खाली ठेवून ते बोट वर करून वासे मोजू लागले. "दोन वासे वाळवीचे. दार दक्षिणेकडे. भिंतीला ओल. पावसाळ्यात नदी घरात येत असणार." ती एकेकाला "व्हय" म्हणत होती. ते बघून मामांना आणखी चेव चढला. ते चुलीच्या खोलीत शिरले आणि मोठ्याने हसले.

"ही खिडकी कुणी काढली? गवंडी शिकाऊ होता की काय? आधी ही बुजवायला लागेल, तो खर्च आला!"

ती दारात उभी होती. तशीच वळून सोप्यात गेली. मग चहाच्या बश्या उचलत म्हणाली, "घर पसंत न्हाई म्हंता, तर र्‍हाऊ द्या. उन्हं चढायच्या आत जावा, पोरगी अवघडलेली हाय."

बोळात आल्यावर मी म्हटलं, "मला हेच घर हवंय." मामांनी दटावलं, "हळू! ऐकेल ती." मग त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून समजावलं, की हे सगळं नाटक असतं, आता आठ-पंधरा दिवस आपण तिकडे फिरकायचं नाही, बाई आपणहून निरोप पाठवते की नाही बघ. ह्यांनी मान डोलावली. ह्यांची मान डोलवायलाच केली होती.

तो पंधरवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. कासारवाडीच्या खोलीत बसून मी मनाने चिंचवडला संसार मांडत होते. मडकं कुठे, जातं कुठे, पाळण्याची दोरी किती लांब. मालकीणबाई काही बोलल्या की मी मनात म्हणायची, थोडेच दिवस. निरोप काही आला नाही. मामांचा मात्र आला, की अजून थोडं ताणा.

मग एक दिवस हे दुपारच्या पाळीला गेल्यावर मी कुलूप लावलं आणि बसने चिंचवडच्या फाट्यावर उतरून पोट सांभाळत गावात चालत गेले. एकटी कुठे जाण्याची मला सवय नव्हती. तिला सगळं सांगायचं, पाया पडायचं आणि घर मागायचं, एवढंच डोक्यात होतं.

ती सोप्यात बोचकी बांधत बसली होती. मला पाहून उठली, हात धरून आत घेतलं, पाणी दिलं. मी तांब्या हातात धरूनच म्हटलं, "मावशी, मला तुमचं घर पहिल्या दिवशीच आवडलं. फार आवडलं."

"मंग त्या दिशी गप का बसलीस?"

"घर घेताना चांगलं म्हणायचं नसतं म्हणून. तशी रीत आहे."

"रीत आमाला बी ठावी हाय," ती म्हणाली. "चाकणच्या बाजाराला बैल घेताना मी बी लई नावं ठिवलीत. दार दक्षिणेला म्हनला, म्हनूं दे. वासं मोजलं, मोजूं दे. पर ती खिडकी मी धन्याशी भांडून तितं पाडून घेतली. गवंडी बी हसला व्हता. म्या म्हनलं, उभ्यानं बघनाऱ्याला दार हाय. मी दिसभर बसून धूर खाती, मला दिसूं दे की नदी. ती बुजवनाऱ्याला घर द्यायचं मला जीवावर आलं."

"मी नाही बुजवणार," मी म्हटलं. "मावशी, मी तिथे पाटावर बसून बघितलंय."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिचा चेहरा असा काही उतरला, की उत्तर मला तिने बोलायच्या आधीच कळलं.

"पोरी, परवाच्याला चार मानसांत सुपारी फुटली गं. भावकीतल्याला दिलं. त्याला ऱ्हायला नगं हाय, कडबा भरायचा हाय आन् कांदं. दिलेला सबूद कसा फिरवू?"

मी रडले. लाज वगैरे काही वाटली नाही. माझ्या घरात कडबा भरणार होते आणि खिडकीतून नदी बघायला आत माणूस असणार नव्हतं. मला मामांचा राग आला, ह्यांच्या डोलणाऱ्या मानेचा आला, आणि जगातल्या सगळ्या शहाण्या रितींचा आला. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आपलं घर सोडायचं दुःख तिलाही होतंच, पण त्या दुपारी आधी माझं रडणं झालं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुज्या मनात काय काय व्हतं, सांग की मला. कुटं काय ठिवनार व्हतीस?"

मी डोळे पुसले आणि तिला सांगायला लागले. आम्ही दोघी उठलो. जातं इथे, पाण्याचं मडकं ह्या कोपऱ्यात, म्हणजे उन्हात येणार नाही. ती म्हणाली, "नगं, तितं मुंग्या येत्यात, हिकडं ठिव." मी हिकडं ठेवलं. माजघरात आलो तेव्हा मी नुसतं वर कडीकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. "माजी लेक हितंच झोपायची," ती म्हणाली. "दोरी जरा आखूड बांध, पोर लाथा मारतंय." मी बरं म्हटलं. कॅलेंडर मी सोप्यात, दाराच्या उजव्या बाजूला लावलं. खिळा आधीच होता.

मग ती एकदम बाहेर गेली, उंबरठ्यापलीकडे वळून उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सारखा करत तिने हाक मारली, "हायेस का गं घरात?"

मला पहिल्यांदा कळेना. मग कळलं. मी म्हटलं, "या ना मावशी, या. बसा."

ती आत आली आणि स्वतःच्या सोप्यात भिंतीला टेकून पाहुणीसारखी अंग चोरून बसली. "च्या ठिव वाईच," म्हणाली. मी मागे गेले. चुलीत निखारा होता, मी फुंकून पेटवला, आधण ठेवलं आणि पाटावर बसले. मान वळवली तर नदीवर ऊन होतं, वाटेने एक म्हातारा म्हैस घेऊन चालला होता. घाई कुणालाच नव्हती. चहा उकळला तरी मी थोडा वेळ तशीच बसून राहिले.

बशीत फुंकर मारत तिने पहिला घोट घेतला. घरभर नजर फिरवली, वाशांवरून, भिंतींवरून, आणि मोठ्याने म्हणाली, "घर ब्येस हाय गं तुजं."

मी तोंड शिवलं नाही. म्हटलं, "हो मावशी, छानच आहे. आत या ना, खिडकी तर बघा."