मास्तरांची पहिली श्रद्धांजली

चूक माझीच होती. मास्तर जिवंत असताना मी त्यांना श्रद्धांजली वाहिली, तीही फोटोसकट, आम्हा चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर.

मास्तर म्हणजे आमच्या नळदुर्ग भागातले बेंजोवाले. वरातीत त्यांची तार आधी अशी हळू, रडवेली वाजायची की नवरीच्या आईचा पदर डोळ्याला लागायचा. मग ती एकदम उसळी घ्यायची आणि तीच माउली विहिणीला ओढून नाचायला लागायची. मास्तरांची सुपारी असेल त्या प्रत्येक गावी आम्ही बिनआमंत्रणाचे जायचो.

त्या वेळी त्यांना सोलापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर कॉट रिकामी, गादी गुंडाळलेली. कुणाला विचारावं एवढंही सुचलं नाही. जिन्यातच रडत रडत मेसेज टाकला. मास्तर तेव्हा डिस्चार्ज घेऊन एसटीत बसले होते.

संध्याकाळी हार आणि नुकताच छापलेला फ्लेक्स घेऊन आम्ही अणदूरला त्यांच्या घरी पोचलो, तर मास्तर ओट्यावर भाजलेल्या शेंगा फोडत बसलेले.

"कुणाची मयत हाय रं?"

एकजण हार पाठीमागं लपवत म्हणाला, "तुमचीच, मास्तर."

"आस्सं! मला कुणी कळवलं न्हाय ते." त्यांनी मान पुढं केली. "आता आणलेत तर घाला की."

नाकापर्यंत झेंडू चढला. तसेच बसून त्यांनी बेंजो मांडीवर घेतला. गल्लीत आम्ही रडत होतो, हसत होतो आणि नाचतही होतो. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, हसून हसून भिंतीला टेकल्या. फ्लेक्स न्याहाळून मास्तर म्हणाले, "फोटो लई झ्याक आलाय. जपून ठिवा, कामाला यील."

दिवाळीनंतर तो कामाला आला. मास्तर झोपेतच गेले. मी ग्रुपवर कळवलं, तर हसऱ्या तोंडांची रांग लागली.

"पुन्यांदा का?"

"काकूला शेंगा भाजायला सांगा, आलोच!"

मी फोन केले, पोराबाळांच्या शपथा घेतल्या. मी जितका रडकुंडीला यायचो, तितके ते जास्त हसायचे. शेवटी तिरडीमागं फक्त भावकीची माणसं होती. रस्त्याकडं बघत काकू मला म्हणाल्या, "त्यांची माणसं कुठं हायत हो?" मी मान खाली घातली. खरं सांगायचं धाडस झालं नाही.

दहाव्याला मात्र नदीकाठी जत्रा भरली. तोच फ्लेक्स बाभळीला बांधला होता. पिंडाला कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल, म्हणून जो तो हात जोडून वचनं द्यायला लागला.

"मास्तर, तुमचा बेंजो विकू देणार न्हाय!"

"मास्तर, माझ्या पोरीच्या लग्नात डीजे लावणार न्हाय!"

"थोरलीच्या लग्नात लावला की रं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"तो पाव्हण्यांनी लावला!"

कावळा बाभळीवरून हलेना. मास्तरांना बेंजोच ऐकायचा असेल, असं त्यांच्या शिष्याला वाटलं. त्यानं वरातीच्या टेम्पोवरचा कर्णा चालू करून तार छेडली आणि काठावरचे सगळे कावळे एकदम उडाले. विधी सांगणाऱ्या गुरुजींनी कपाळाला हात लावला.

"बंद करा रं!" काकूंना पदराआडून हसू आवरेना. "कावळं लातूरला गेलं!"

सारा काठ खदखदला. बेंजो काही बंद झाला नाही. डोळे पुसत पुसत दोघं-तिघं नाचायलाही लागले.

हसता हसताच काकू थांबल्या. "एवढी माया व्हती, तर त्या दिवशी कुठं व्हता रं सगळे?"

कुणी माझं नाव घेतलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेच मला सोसलं नाही. मी पुढं होऊन काकूंच्या पायाशी वाळूत बसलो.

"काकू, ही माणसं विसरली न्हाईत. आधी म्या खोटी बातमी टाकली व्हती, म्हणून खरी कुणाला पटली न्हाय. माझ्यापायी मास्तर असे गुपचूप गेले. तुम्ही विचारलं, तवाबी म्या गप बसलो. माझं चुकलं, काकू. मला माफ करा."